गाड्या वाढल्या तरी धूळ वाढेना: डिचोलीतल्या एका मोजणीचा पडताळा

हे प्रकरण गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका गावाचे आहे. गावाचे नाव देत नाही, कारण तिथला वाद अजून मिटलेला नाही आणि मला बोलायचे आहे ते मोजणीबद्दल. गावातून खनिजाचे टिपर जातात. रस्त्याच्या एका अंगाला प्राथमिक शाळा, दुसऱ्या अंगाला घरे, त्यांच्या मागे कुळागरे म्हणजे माड-पोफळींच्या बागा, आणि पुढे वळण घेतले की वजनकाटा. गावातल्या काही तरुणांनी वर्गणी काढून धूळ मोजणारे स्वस्त सेन्सर आणले. एकाकडे अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन होताच. ड्रोनच्या चित्रणावरून तासागणिक टिपर मोजायचे, सेन्सरवरून तासागणिक धूळ घ्यायची आणि दोन्ही एकाच आलेखावर मांडायचे, असा बेत होता. बेत चांगला होता, पण आलेख मात्र भलतेच सांगत होता. टिपर वाढले तरी धूळ वाढताना दिसत नव्हती. सगळ्यात जास्त धूळ दिसत होती ती पहाटे, रस्ता रिकामा असताना.

मी पर्यावरण चाचण्यांच्या प्रयोगशाळेत आहे. एखादी पद्धत जे मोजते म्हणते तेच मोजते का, हे तपासणे माझे रोजचे काम. म्हणून पोरांनी मला बोलावले. ग्रामसभा तोंडावर आली होती. एका ज्येष्ठ पंचांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "सर, गाड्या सुरू झाल्या की धूळ येते, हे आमच्या सुनेला रोज ओसरी पुसताना कळते. यंत्र उलटे सांगत असेल तर ते कपाटात ठेवा." त्यांचा राग रास्त होता. पण कपाटात ठेवून प्रश्न सुटणार नव्हता, कारण हाच आलेख समोरच्या बाजूच्या हाती लागला असता तर "तुमचेच यंत्र सांगते, धुळीचा आणि वाहतुकीचा संबंध नाही" हे उत्तर तयार होते.

खाण हा इथे घराघरातला विषय आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा बंद पडल्या. लिलाव होऊन डिचोलीत काम परत सुरू व्हायला २०२४ उजाडले. त्या वर्षांत ज्यांचे टिपर दारात गंजत उभे राहिले ते याच गावांतले, आणि ज्यांची पोरे आज खोकतात तेही याच गावांतले. इथे चुकीचा आकडा पुढे आला तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत तेढ वाढते. म्हणून ग्रामसभेपुढे काही ठेवण्याआधी दोन्ही मोजण्या तपासायच्या, असे ठरले.

सेन्सर काय पाहतो

स्वस्त सेन्सरच्या डबीत एक छोटा पंखा हवा आत ओढतो. त्या हवेतून लेसरचा किरण जातो, कणांवर आपटून विखुरलेला प्रकाश मोजला जातो आणि आतले सॉफ्टवेअर त्यावरून घनमीटरला इतके मायक्रोग्रॅम असा आकडा काढते. प्रत्यक्ष वजन कुठेच होत नाही. धुरासारख्या बारीक कणांसाठी हा अंदाज बऱ्यापैकी चालतो. खनिजाच्या रस्त्यावर तो दोन्हीकडून फसतो.

पहिली बाजू ओलाव्याची. मिठाचा कण आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून थेंब बनतो. दुपारचे खारे वारे समुद्राकडचे मीठ आत घेऊन येतात, रात्री वारा पडतो, आणि थंडीच्या दिवसांतही डिचोलीच्या खोऱ्यात पहाटे दाट दंव असते. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सर त्याला धूळ समजतो. धुके उतरले की डबीला ते धुळीचे लोट वाटतात.

दुसरी बाजू जाड कणांची, आणि ती जास्त घातक आहे. टिपरच्या चाकाखाली उडणारी धूळ मुख्यतः जाड असते, अडीच मायक्रॉनपेक्षा मोठी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). असले कण या छोट्या डब्यांच्या आत नीट पोचतच नाहीत, आणि पोचले तरी लेसरला बारीक कणांइतके दिसत नाहीत. बऱ्याच सेन्सरांवर 'पीएम १०' म्हणून, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा म्हणून, जो आकडा उमटतो, तो बारीक कणांवरून ताणून काढलेला असतो. त्यात हेमाटाइटची घनता पाण्याच्या पाचपट. सेन्सरचे माप ज्या कणांवरून जुळवलेले असते ते याच्या मानाने फारच हलके. म्हणजे जी धूळ मोजायची होती तीच कमी दिसत होती, आणि जी धूळ नव्हती ती जास्त.

पडताळ्यासाठी हवे होते फिल्टरवर प्रत्यक्ष धूळ गोळा करणारे नमुनायंत्र; ती धूळ मग तोलायची. आयएस ५१८२ या भारतीय मानकाच्या २३ व्या भागातली ही जुनी, सरळ पद्धत आहे. मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर हवा ओढायची, दहा मायक्रॉनहून मोठे कण चक्रीवादळासारख्या झोताने बाजूला काढायचे आणि उरलेले आठ बाय दहा इंचांच्या फिल्टरवर धरायचे. फिल्टर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा, तापमान व आर्द्रता स्थिर असलेल्या खोलीत २४ तास ठेवून मगच तोलायचा. ओलाव्याचा गोंधळ इथे मिटतो, कारण कणाने ओढलेले बहुतेक पाणी तोलण्याआधी उडून जाते. आठ तासांत ५२८ घनमीटर हवा जाते. घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम धूळ असेल तर फिल्टरवर जेमतेम ५३ मिलिग्रॅम बसते. तोलताना एक मिलिग्रॅमची चूक झाली तर निकालात जवळजवळ दोन मायक्रोग्रॅमचा फरक पडतो. म्हणूनच कोरा फिल्टर गावात नेऊन, यंत्रात बसवून, हवा न ओढता परत आणायचा आणि तोलायचा, हे आम्ही सोडले नाही. अशा कोऱ्या फिल्टरांची वजने किती खाली-वर होतात यावरून कळते की आपण किती लहान आकड्यापर्यंत छातीठोकपणे बोलू शकतो.

आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकात एक भेद आहे, तो गावकऱ्यांनाही चटकन पटला. प्रस्थापित पद्धत जशीच्या तशी वापरत असाल तर ती आपल्या हातून नीट होते एवढे दाखवले की पुरे. पण पद्धत बदललीत किंवा ती जिथे बसवली नव्हती तिथे नेलीत, तर ती त्या कामाला लायक आहे हे मुळापासून सिद्ध करावे लागते. फिल्टरची पद्धत पहिल्या घरात बसते. सेन्सर आणि ड्रोन, दोन्ही दुसऱ्या.

यंत्र शाळेच्या गच्चीवर ठेवले. तिथली खरी अडचण लाईटची. लाईट गेली की पंप थांबतो, व्होल्टेज पडले की प्रवाह उतरतो, आणि २४ तास म्हणून लिहिलेला नमुना प्रत्यक्षात वीस तासांचा असतो. पंपाचे तास वेगळे मोजणारा टायमर आणि दर आठ तासांनी मॅनोमीटरची, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या दाबमापकाची, नोंद, यांशिवाय तो फिल्टर तोलण्यात अर्थ नसतो. सेन्सर यंत्राच्या हवा घेणाऱ्या तोंडाच्या उंचीवर टांगले, पण पंपातून बाहेर पडणाऱ्या झोतापासून लांब.

आठ-आठ तासांचे तीन फिल्टर लावल्याने रात्र आणि वाहतुकीचे तास वेगळे झाले. रात्रीच्या फिल्टरवर थोडी करडी-काळी काजळी होती, चुलींची आणि जाळलेल्या पाचोळ्याची. पहाटेची धूळ अगदीच खोटी नव्हती तर. पण सेन्सरने दाखवलेल्या शिखराच्या मानाने ती फार कमी होती. दिवसाचा फिल्टर मात्र काढतानाच विटकरी लाल दिसत होता, आणि त्याच तासांत सेन्सरची रेघ पहाटेपेक्षा खाली होती.

ड्रोन काय पाहतो

ड्रोनच्या चित्रणातून हलती वस्तू शोधण्यात मूळ अडचण ही की कॅमेराही हलत असतो. घिरट्या न घालता एका जागी उभा केला तरी वाऱ्याने तो इकडे-तिकडे सरकतो, आणि मग अख्खे गावच हलताना दिसते. म्हणून आधी लागोपाठच्या दोन चित्रांतले ठळक बिंदू जुळवायचे, त्यांवरून कॅमेरा किती सरकला ते काढायचे, एक चित्र दुसऱ्यावर बसवायचे आणि मग जे जुळत नाही ते हलते धरायचे. सपाट जमिनीवर हे छान चालते. पण माड आणि पोफळी जमिनीच्या पातळीत नसतात. ड्रोन दोन हात सरकला की उंच झाडांचे शेंडे जमिनीपेक्षा जास्त सरकतात आणि हलत्या वस्तू म्हणून नोंदले जातात. त्यात झावळ्या वाऱ्याने खरोखरच हलतात. पोरांच्या पहिल्या मोजणीत भर दुपारी काही 'टिपर' कुळागरात शिरले होते.

मग त्यांनी चित्रे दाखवून शिकवलेले संगणकी मॉडेल लावले, टिपरचा आकार ओळखून चौकट काढणारे. त्याने झाडांचा त्रास संपला. पण असली मॉडेले ज्या चित्रांवर शिकतात ती बहुधा जमिनीवरून काढलेली असतात, आणि ड्रोनवरच्या चित्रांचा जो व्हिसड्रोन नावाचा मोठा संच आहे तो चिनी शहरांतला. लाल रस्त्यावर, लाल माल भरलेला, वर मातकट ताडपत्री टाकलेला टिपर त्यात कुठून असणार? शिवाय हिशेब पाहा. साठ मीटर उंचीवरून रस्त्याचा साधारण नव्वद मीटरांचा पट्टा ३८४० ठिपक्यांत (पिक्सेलांत) येतो, म्हणजे एका ठिपक्याला सुमारे २.३ सेंटिमीटर. सात मीटरचा टिपर तीनशे ठिपक्यांचा. पण मॉडेलला देताना तेच चित्र ६४० ठिपक्यांवर आणले की टिपर पन्नासवर येतो आणि मोटरसायकल चौदा-पंधरावर. चित्राचे तुकडे करून एकेक तुकडा मॉडेलला दिला तर हे टळते, वेळ तेवढा जास्त लागतो.

वजनकाट्याजवळ दुसरी गंमत. टिपर रांगेत थांबले की हालचालीवर चालणाऱ्या मोजणीतून गायब होतात आणि पुढे सरकले की नवे म्हणून परत मोजले जातात. एकच गाडी तीनदा.

या चुका शोधायला कठीण नव्हत्या. कठीण होती ती तिसरी. टिपरांमागे टिपर लागले आणि रस्ता सुका असला की पुढच्या गाडीची धूळ मागच्या गाडीला झाकते. गाडीचा माग ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हातून ती सुटते. वरून पाहिले तर लाल ढगातून एक टप निघते आणि लगेच बुडते. म्हणजे धूळ जितकी जास्त, तितके टिपर कमी मोजले जात होते.

आलेखाचे कोडे इथे सुटले. पहाटे टिपर नसताना सेन्सर फुगवून सांगत होता. भर वाहतुकीत सेन्सर जाड धूळ गाळत होता आणि ड्रोन टिपर गाळत होता. दोन्ही चुका यदृच्छेने इकडे-तिकडे पडणाऱ्या नव्हत्या. दोन्ही एकाच दिशेने, जो संबंध शोधायचा होता तोच पुसून टाकत होत्या. जास्त दिवस मोजून, जास्त ठिपके मांडून अशी चूक जात नाही. उलट आकड्यांचा ढीग वाढतो तसा चुकीच्या निष्कर्षावरचा विश्वास वाढतो. पर्यावरणाच्या कामात मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. "आमच्या मॉडेलची अचूकता अमुक टक्के" असे कोणी सांगितले की मी आधी विचारतो, कुठल्या तासाला? समजा ओल्या रस्त्यावर १०० पैकी ९८ टिपर दिसले आणि सुक्या, धुळकट तासाला १०० पैकी ७०. सरासरी ८४ येते, ऐकायला बरी वाटते, आणि नेमक्या ज्या तासासाठी मोजणी मांडली त्या तासाला ती निकामी असते.

नव्याने मांडणी

पहिला बदल जागेचा. मोजणीची रेघ वजनकाट्याजवळून हलवून ओहोळावरच्या साकवावर आणली. तिथे टिपर हळू होतात पण थांबत नाहीत. साकवाचा काँक्रीट राखाडी, त्यावर लाल टिपर उठून दिसतो, आणि तिथे धूळही कमी उडते. मॉडेल बदलून मिळाला नसता एवढा फायदा या एका गोष्टीने मिळाला.

दुसरे, माणसांची मोजणी. कॉलेजातली दोन मुले रस्त्याच्या दोन बाजूंना वह्या घेऊन बसली. एकमेकांशी बोलायचे नाही, गाडी भरलेली की रिकामी, ताडपत्री आहे की नाही, आणि मिनिट लिहायचे. नंबरप्लेट लिहायच्या नाहीत, असे आधीच ठरवले होते. दोघांच्या वह्या आपसात जुळतात का ते आधी पाहिले, मग त्यांच्याशी ड्रोन ताडला, आणि तोही सुका तास आणि ओला तास वेगळे धरून. घड्याळे जुळावीत म्हणून प्रत्येक उड्डाणाच्या सुरुवातीला ड्रोनच्या कॅमेऱ्यासमोर मोबाइलचे सेकंदकाट्याचे घड्याळ धरायचे. साधी गोष्ट आहे, पण तिच्याशिवाय धूळ आणि गाडी यांची जोडी लागत नाही.

तिसरे, वेग. टिपरच्या वेगावर धूळ फार अवलंबून असते आणि ड्रोनचा खरा उपयोग इथे आहे. नुसत्या संख्येसाठी वहीवाला माणूस पुरतो, हे मी पोरांना स्पष्ट सांगितले. रस्त्यावर टेपने मोजून पन्नास मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारल्या. ताशी तीसने जाणारी गाडी हे अंतर सहा सेकंदांत कापते. चित्रणावरून काढलेला वेग आणि रेघांवरून काढलेला वेग ताडले तेव्हा ड्रोन सातत्याने कमी वेग दाखवत होता. कारण उंची. ड्रोन जी उंची दाखवतो ती जिथून उडाला तिथपासूनची. पोरे ड्रोन उडवत होती शाळेमागच्या टेकाडावरून, रस्त्यापेक्षा सुमारे सहा मीटर वरून. पडद्यावर साठ, प्रत्यक्ष रस्त्यापासून सहासष्ट. तीसचा वेग सत्तावीसच दिसणार. आता प्रत्येक चित्रणात त्या चुन्याच्या रेघा येतात आणि माप त्यांवरूनच धरले जाते.

उड्डाणाची जागाही बदलली. टेकाडावरून उडताना पंख्यांचा झोत सुकी माती उडवत होता आणि वारा फिरला की ती थेट गच्चीवरच्या यंत्राकडे. आता ताडपत्री अंथरून, रस्त्याच्या खालच्या अंगाने उडवतात. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तो भाग हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, आहे का हे दर वेळी पाहतात, आणि अंगणे चित्रणात येतात म्हणून त्या घरांना आदल्या दिवशी सांगून येतात.

चौथी नोंद कोणत्याच यंत्रातून येणारी नव्हती. रस्त्यावर टँकरने पाणी मारतात. पाणी मारले की काही वेळ धूळ बसते, ऊन चढले की परत उठते. टिपर तेवढेच, धूळ निम्मीअधिक कमी किंवा परत तेवढीच, सगळे टँकर कधी गेला त्यावर. साकवाजवळ चहाचे दुकान चालवणाऱ्या काकींनी ही नोंद घ्यायचे कबूल केले. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानापासून उलट्या बाजूने त्या टँकरची वेळ लिहितात. टँकर आला पण नुसताच पुढे गेला, तर वेळेपुढे 'सुका' असे लिहितात. अख्ख्या कामात याहून नेटकी नोंद मला दिसली नाही.

सेन्सर फेकून दिले नाहीत. फिल्टरशी ताडून त्यांचा उपयोग आखून दिला. आर्द्रता जास्त असलेल्या तासांचे आकडे बाजूला ठेवायचे, आणि पीएम १० चा आकडा कधीही मायक्रोग्रॅममध्ये जाहीर करायचा नाही. दुपारच्या कोरड्या वेळात धूळ वाढते आहे की उतरते आहे एवढे सांगायला ते चालतात. टँकर गेल्यावर धूळ किती वेळ खाली राहते, हे त्यांनीच दाखवले.

ग्रामसभेपुढे काय ठेवले

नव्या मोजणीत संबंध दिसला. सुक्या रस्त्यावर टिपर आणि वेग वाढले की दिवसाच्या फिल्टरवरची धूळ वाढते, टँकर वेळेवर असलेल्या दिवशी तेवढ्याच टिपरांना ती कमी बसते. अहवालात प्रत्येक आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता लिहिली आणि जे म्हणता येत नाही तेही लिहिले. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे पीएम १० ची २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आणि वार्षिक सरासरीची ६०. वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा असे वर्षाला किमान १०४ नमुने लागतात, ते आमच्याकडे नाहीत. म्हणून वार्षिक मर्यादेविषयी अहवाल गप्प आहे. शिवाय १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याप्रमाणे न्यायालयात चालणारा नमुना हा कलम ११ च्या रीतीने अधिकाऱ्याने घेतलेला आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने तपासलेला असावा लागतो. गावाचे काम त्याची जागा घेऊ शकत नाही. अधिकृत नमुने कोणत्या जागी आणि कोणत्या तासांना घ्यावेत हे मात्र ते नेमकेपणाने सांगू शकते, आणि मागणी तेवढीच केली.

काही टिपरमालक ग्रामसभेला आले होते. त्यांनी ताडपत्री आणि वेगाचे आकडे बारकाईने पाहिले आणि एक हरकत घेतली ती योग्य होती. या धुळीत रस्त्याची माती किती आणि खनिज किती? फिल्टर लाल होता, पण जांभा दगडाची मातीही लालच असते. याचे उत्तर फिल्टरवरचे लोह मोजून आणि गावातल्या जांभ्याच्या धुळीशी ताडून काढता येईल. काच-तंतूच्या फिल्टरमध्ये स्वतःचे धातू असतात, त्यामुळे त्या कामाला वेगळा फिल्टर लागेल. दुसरे, वाऱ्याचे. दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे रस्त्याच्या उलट-सुलट बाजूंनी वाहतात, म्हणून एकच यंत्र कधी वाऱ्याच्या खाली येते, कधी वर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी यंत्र हवे, म्हणजे दोन्हींतला फरक हा रस्त्याचा वाटा धरता येतो.

दुसऱ्या यंत्राची जागा ठरली आहे, एका टिपरमालकाच्याच घराची गच्ची. त्यांनी स्वतः देऊ केली. यंत्राच्या भाड्याचा खर्च पंचायतीने उचलावा हा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे, आणि पावसाळा संपून वाहतूक सुरू झाली की दोन्ही यंत्रे आधी काही दिवस एकाच गच्चीवर शेजारी-शेजारी चालवून ती आपसात जुळतात का ते पाहिले जाईल. त्यानंतरच दुसरे यंत्र रस्त्यापलीकडे जाईल.